अकराच्या सुमाराचं

धड न्याहारी नाही, धड जेवण नाही,
अकराच्या सुमाराचं हे जे काही असतं
त्याला आमच्या सिडकोत नाव नाही.
सेकंड शिफ्टवाल्यांचं पोट तेवढं ते ओळखतं.

निवृत्ती आला. नाव निवृत्ती,
आणि एकवीस वर्षांत एक ओव्हरटाइम सोडलेला नाही.
पिशवीत मेहुण्याच्या मळ्यातली द्राक्षं,
मोहाडीची, सुटे मणी,
अठरा मिलिमीटरच्या कडीतून आरपार पडले
म्हणून परदेशाला नापास.
"गोडीला कोण माप लावतंय," म्हणाला,
आणि चपला काढता काढता
माझ्या हाताकडे न बघण्याचं काम
त्याने नीट पार पाडलं.

सिंधू आठलाच अंगणवाडीत जाते.
भाजणीचा डबा कुठे असतो
हे मला ह्या अकरा आठवड्यांत कळलं.
कळलं की कांदा डाव्या हाताने चिरला
तर दुप्पट वेळ रडायला मिळतं
आणि कुणी कारण विचारत नाही.
मीठ आता चिमटीत येत नाही, मुठीत येतं.
जरा खारट लागेल, आधीच सांगून ठेवलं.

ओल्या फडक्यावर गोळा थापला.
अंगठा, अनामिका, करंगळी,
आणि मधे एक पट्टा, जिथे पीठ जाडच राहतं.
"दिंडोरी तालुक्याचा नकाशा," मी म्हटलं.
तो हसला. उशिरा हसला.

मग भोकं पाडायची.
मधे एक, कडेला चार, तेल आत उतरायला.
ते काम तर्जनीचं.
माझा हात तिथवर गेला आणि थांबला,
चालू प्रेसपाशी नवा पोरगा थबकतो तसा.
निवृत्ती उठला, बोट पाण्यात बुडवलं,
आणि एकामागून एक पाचही पाडली.
नखात ग्रीसची काळी रेघ,
ती त्याच्या लग्नातही होती.

तव्यावर चर्र झालं. वर झाकण.
झाकणाखाली थालीपीठ होत असताना
माणसाला काहीतरी बोलावं लागतं.
खिडकीतून पांडवलेणीच्या डोंगराकडे बघत तो म्हणाला,
"त्या दिवशी डाव्या बटनावरची चिकटपट्टी...
टार्गेट होतं रे. सकाळी मीच लावलेली.
सुटताना काढायची राहिली."

झाकणावरून एक थेंब तव्यात पडला,
नाचला, गेला.
"दिसली होती मला," मी म्हटलं.
"माझंही टार्गेट होतं."

ह्यापुढे काय बोलतात ते आम्हाला माहीत नव्हतं.
मी थालीपीठ उलटलं. थोडं करपलंच.
अर्धं त्याला, अर्धं मला, वर लोणी,
आणि लोणी बरोबर त्याच्या बोटाच्या भोकांतून
खाली ताटलीत गळत राहिलं.

"आता सेन्सर बसवलाय," तो घास तोंडात असतानाच म्हणाला,
"हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं."
"मग माझ्या नावाची पाटी लावा."
"सुचवतो सायबाला."
दुसरं झालं, तिसरं झालं.
चौथ्याला त्याने न सांगता बोट भिजवलं.

मला आजपासून इन्स्पेक्शनला बसवणार आहेत.
गेजमध्ये जॉब घालायचा, पास की नापास.
बसून करायचं काम, सगळे म्हणतात, बरं आहे.
द्राक्षाचा एक मणी मी उगाच
उरलेल्या दोन बोटांत धरून फिरवला
आणि खाल्ला.

तो चटईवर घटकाभर आडवा झाला.
मी भांडी घासली.
उरलेलं पाचवं दहाच्या चहासाठी
डब्यात घडी करून भरलं.

अडीचला निघालो. त्याची स्कूटर, मी मागे.
नवे हातमोजे खिशात,
त्यांना बोटं पाचच असतात, कंपनी तरी काय करणार.
पवननगरच्या चौकात सिग्नलला त्याने मान वळवली.
"गॅस बंद केलास ना?"
"केला."
"कुठल्या हाताने?"

मला आठवेना.
मागचे हॉर्न वाजवायला लागले.